माणिकप्पांच्या घरातली दुपार

माणिकप्पांना स्वतःचं घर ओळखता आलं नाही, ही गोष्ट ढोकीत काही दिवस चघळली गेली आणि मग लोक विसरले. माणिकप्पांना मात्र ती विसरता आली नाही. झालं काय, हे सांगायचं तर आधी माणिकप्पा कोण ते सांगायला हवं.

ते साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटत आटत शेवटी ज्या मोठ्या बंद भांड्यात येतो आणि जिथं त्याचे दाणे धरतात, त्या भांड्याला पॅन म्हणतात. दाणा धरला का, किती वाढला, भांडं कधी खाली करायचं, हे बघायचं काम पॅनमनचं. नळीतून थोडा पाक काढायचा, काचेच्या पट्टीवर बोटानं पसरायचा आणि पट्टी बल्बासमोर धरायची. उभी हयात माणिकप्पांनी हेच केलं, आणि तेही रात्री.

रात्रपाळी कुणी त्यांच्या गळ्यात मारली नव्हती. नोकरीला लागले तेव्हा पाळ्या सगळ्यांनाच आळीपाळीनं असत. पण सोबतच्या बहुतेकांना शेती. विहिरीवरच्या मोटारीची लाइट यायची ती रात्री, तेव्हा पिकाला पाणी द्यायला रात्रीच रानात जावं लागे. माणिकप्पांना गुंठाभर जमीन नव्हती. त्यामुळं कुणी ना कुणी गाठायचं, की माझी तेवढी रात्र तुम्ही घ्या. ते घेत. नाही म्हणायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि खरं सांगायचं तर रात्रीचा कारखाना त्यांना आवडायचा. साहेब लोक नसत, फोन वाजत नसत, पॅन आणि आपण. पुढं पुढं कुणी विचारायचंही थांबलं. माणिकप्पा म्हणजे रात्रपाळी, असं होऊन बसलं. हंगाम संपून कारखाना बंद झाला की दुरुस्तीची कामं निघत. ती दिवसा असत, म्हणजे दिवसभर माणिकप्पा कारखान्यात.

सकाळी घरी येऊन ते अंघोळ करत, लिंगपूजा करत, कपाळाला विभूती लावत, भाकरी खात आणि आडवे होत. दिवसाची झोप चोरट्या पावलाची असते. जराशी तिरीप डोळ्यावर आली तरी ती जायची. म्हणून लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांनी पुढच्या खोलीची दक्षिणेची खिडकी विटांनी बुजवली. गल्लीकडच्या खिडकीला आतून फळी ठोकली आणि फटीत साखरेच्या पोत्यांचे तुकडे कोंबले. दाराला इरम्मानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, जाड वाकळ लावली. बाहेर ऊन रणरणत असलं तरी त्या खोलीत अमावस्या असे.

अशा घरात त्यांची मुलगी शिवप्रिया लहानाची मोठी झाली. एकुलती एक. ती शाळेतून आली की मागच्या पडवीत बसून अभ्यास करायची. स्वयंपाकही पडवीतच. पाहुणा आला तर इरम्मा त्याला घेऊन समोरच्या कडुलिंबाखाली बसे. घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. माणिकप्पांना हे ठाऊक होतं असं म्हणावं, तर नव्हतं. ते झोपलेले असत.

शिवप्रिया हुशार निघाली. लातूरला घरं बांधायचं शिक्षण घेतलं, मग पुण्याला पुढचं. तिथं तिनं प्रबंधाला विषय घेतला तो घरातल्या उजेडाचा. सूर्याचा उजेड घरात कुठून येतो, किती येतो, माणसाला तो कसा लागतो, आणि हे सगळं घर बांधण्याआधीच कसं कळेल. माणिकप्पा तोवर निवृत्त झाले होते. पोरीनं फोनवर विषय सांगितला तेव्हा त्यांना वाटलं, ही विजेच्या फिटिंगचं काही शिकतीय.

थंडीत ती घरी आली ती एक डबा घेऊन. डोळ्यांवर बांधायचा, मागं पट्टा असलेला, पांढरा डबा. आल्या आल्या तिनं टेप धरून घर मोजलं. भिंती, दार, देवळी, खुंटीसुद्धा. बुजवलेल्या खिडकीवर हात फिरवून तिची लांबी-रुंदी घेतली. हातात एक छोटं यंत्र घेऊन खोलीभर फिरली आणि उजेड मोजला. यंत्रावरचा आकडा बघून तिनं उजेड पुन्हा एकदा मोजला. मग लॅपटॉप घेऊन पडवीत बसली.

माणिकप्पांनी तिला खोदून विचारलं. ती सांगत गेली आणि ते ऐकत गेले. कॉम्प्युटरात घर बांधायचं. त्यावर ढोकीचा सूर्य सोडायचा, म्हणाल त्या महिन्याचा, म्हणाल त्या वेळेचा. मग डबा डोळ्याला लावला की माणूस त्या घरात उभा. मान वळवली की घर वळतं, चाललं की चालतं. लोकांना आत उभं करून विचारायचं, इथं उजेड पुरतो का, डोळ्याला लागतो का, धान्य निवडायला कुठं बसाल, झोपाल कुठं.

“पर सूर्य डब्यात कसा मावंल?” माणिकप्पांनी विचारलं.

सूर्याची पुरी धग डब्यात येत नाही, हे शिवप्रियानं कबूल केलं. पण कुठं जास्त आणि कुठं कमी, ते बरोबर दिसतं, आणि अभ्यासाला तेवढं पुरतं. माणिकप्पांनी मान डोलावली. कळलं होतं ते एवढंच, की पोरगी खोटं घर बांधून त्यात खरा सूर्य सोडते, आणि तोही अर्धाच.

गल्लीत समोर बलभीमनं घरावर नवा मजला चढवला होता. वरचा हॉल अजून रिकामा होता, गिलावासुद्धा व्हायचा होता. चालायला-फिरायला मोकळी जागा हवी म्हणून शिवप्रियानं तो मागून घेतला. रविवारी गल्लीतली माणसं जमली. एकेकानं डबा लावायचा, तीन-चार खोल्या बघायच्या आणि शिवप्रिया विचारील त्याला उत्तर द्यायचं. बलभीमनं डबा लावला आणि पहिल्याच खोलीत भिंतीला टेकायला गेला. भिंत तिथं नव्हतीच. तो पडता पडता राहिला आणि हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली.

मग माणिकप्पांची पाळी आली.

पहिल्या दोन खोल्या त्यांनी चटकन सांगितल्या. ही अंधारी, ही बरी. तिसरीत ते थांबले. जानेवारीतली दुपार होती. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खाली उतरलं होतं आणि फरशीवर त्याचा एक तिरका तुकडा पडला होता. गल्लीच्या खिडकीतून दुसरा, मवाळ उजेड येत होता. भिंती अंगातूनच उजळल्यासारख्या वाटत होत्या. कोपऱ्यात देवळी होती, वर खुंटी होती. माणिकप्पा हळूहळू फिरले. उन्हाच्या तुकड्याजवळ जाऊन उभे राहिले आणि वाकून त्यात हात धरला. हातावर ऊन पडलं नाही, कारण तिथं हातच दिसत नव्हता. त्यांनी तो मागं घेतला.

शिवप्रियानं विचारलं, “अप्पा, हितं बरं वाटतंय का?”

“लई बरं वाटतंय,” माणिकप्पा म्हणाले. “कुणाचं घर हाय हे?”

त्यांना वाटलं शिवप्रियाला ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, की घर कुणाचं, पुण्याकडचं का?

“आपलंच हाय, अप्पा,” ती म्हणाली. “फकस्त खिडक्या उघडल्यात.”

हॉलमध्ये हशा पिकला. माणूस जन्मभर राहिला आणि घर कुणाचं म्हणून विचारतो, याहून मोठी गंमत कोणती? माणिकप्पांनी डबा काढला. सगळे हसत होते म्हणून तेही हसले. पण देवळी आपली, खुंटी आपली, तिच्यावर आपला सदरा रोज टांगलेला. मग ओळख कशी पटली नाही? का पोरीनंच काही वेगळं रचलं होतं?

इरम्मा हसली नव्हती. ती भिंतीकडेला बसून होती. तिनं पदर खोचला, उठून आली आणि मलाही लाव म्हणाली. शिवप्रियानं तिला आधी तीच उजेडाची खोली दाखवली. इरम्मा एका जागी उभी राहून चहूकडं बघत राहिली. चांगली आहे, म्हणाली. सूर मात्र दुसऱ्याची साडी बघून म्हणावं तसा. मग शिवप्रियानं चौथी खोली लावली. तेच घर, तीच दुपार, खिडक्या बंद. आज आहे तसं.

“अगं बाई,” इरम्मा म्हणाली आणि चालायला लागली.

माणिकप्पा बाहेरून बघत होते. इरम्मा रिकाम्या हॉलच्या मधोमध होती, पण ती रिकाम्या हॉलमध्ये चालत नव्हती. टाचा उचलून, चवड्यांवर, आवाज न करता ती चार पावलं पुढं गेली. तिथं एकदम अंग चोरून वळली, जणू खाटेचा कोपरा आडवा आला असावा. डावा हात पुढं करून तिनं वाऱ्यात काहीतरी चाचपलं, तिथं घरात लोखंडी पेटी असते. पेटीला वळसा घालून ती खाली वाकली, काहीतरी उचलल्यासारखं केलं, आणि मग तशीच चवड्यांवर, पाठ न वळवता, मागं मागं आली. मागं येताना तिची मान खाटेच्या दिशेला होती. बघत होती, की झोपलेला माणूस हलला तर नाही ना.

शिवप्रियानं त्या खोलीत खाट ठेवलेलीच नव्हती. पेटीही नव्हती. नुसत्या भिंती होत्या.

लोक पुन्हा हसले. बलभीम म्हणाला, वहिनी भूत बघितल्यासारखं चालत्यात. माणिकप्पांना हसू आलं नाही. शिवप्रियाकडं बघावं तर ती लॅपटॉपकडं बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. तिनं विचारलं, अव्वा, दोन्हींतली कोणती खोली बरी वाटली? इरम्मानं डबा काढला, पदरानं कपाळ पुसलं आणि सांगितलं, “हीच. शेवटची. हितं मला समदं गवसतंय.”

घरी आल्यावर माणिकप्पा खाटेवर बसले. इरम्मा आली, पेटीतून धान्याचं माप काढून पडवीत गेली. तशीच, चवड्यांवर. ते टक्क जागे होते, डोळे उघडे ठेवून बसले होते, तरी ती तशीच चालली. निवृत्त होऊन इतका काळ झाला होता. हे कधीपासून, आणि आपण कसं बघितलं नाही?

संध्याकाळी त्यांनी विचारलं, “तू अशी का चालतीस?”

“कशी?”

त्यांना नीट सांगता येईना. चवड्यांवर, म्हणाले. इरम्माला ते पटलं नाही. म्या तर नीटच चालते, म्हणाली, आणि पायांकडं बघून ताट वाढायला गेली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर माणिकप्पांना सोपं गेलं असतं. माफी मागावी तर कशाची? झोपलो याची? झोपेवाचून पॅन कसा सांभाळला असता? आणि ती तर काहीच म्हणत नव्हती.

शिवप्रियालाही त्यांनी विचारलं. तू हा विषय घेतलास तो आपल्या घरामुळं का? ती म्हणाली, मलाच ठाऊक न्हाय अप्पा, कॉलेजात यादी होती, त्यातला आवडला. नंतर ती चहा करायला उठली.

दुसऱ्या दिवशी माणिकप्पांनी पहार घेतली आणि दक्षिणेची खिडकी फोडायला काढली. इरम्मा अहो अहो करत राहिली. विटा निघाल्या, धूळ खाली बसली आणि दुपारी ऊन खरंच आत आलं. फरशीवर तिरका तुकडा पडला, अगदी डब्यात होता तसा. माणिकप्पांनी त्यात हात धरला. या वेळी हात दिसला आणि ऊबही लागली. शिवप्रियानं तिचं छोटं यंत्र लावलं, आकडा बघून खूश झाली. तिचा हिशेब जुळला होता.

पण डब्यातली भिंत नितळ होती, आणि इथं भिंतीवर वर्षानुवर्षांचा धूर, ओल, तेलकट हातांचे डाग सगळं वर आलं. छताच्या वाशांना जळमटं लोंबत होती. इरम्मा बघतच राहिली. आपलं घर असं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ती दिवसभर भिंती घासत बसली, दुसऱ्या दिवशीही घासत बसली आणि शेवटी वैतागून म्हणाली, झाकलेलं होतं तेच बरं होतं. शिवप्रिया पुण्याला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी इरम्मानं खिडकीला जुनं लुगडं बांधलं. माणिकप्पा जेवून येऊन बघतात तर खोली पुन्हा अंधारी.

खिडकी त्यांनी फोडली ती तिच्यासाठी. निदान त्यांची तशी समजूत होती. आणि तिला ती नको होती. उजेड हवा होता तो त्यांना, ज्यांच्यासाठी अंधार केला होता. हे सगळं उलटंपालटं कधी झालं? मग दोघांत एक न बोलता ठराव झाला. सकाळी लुगडं वर, जेवणं झाली की खाली. लुगडं खाली आलं की माणिकप्पा बाहेर लिंबाखाली जाऊन बसत. झोपेचं नाव नसे.

फाल्गुनात आणखी एक घोटाळा झाला. फरशीवरचा उन्हाचा तुकडा रोज थोडा थोडा खिडकीकडं सरकू लागला. चैत्रात तो चौकटीवर जाऊन बसला आणि मग बाहेरच गेला. बाहेर ऊन आग ओकत होतं आणि घरात त्याचा कवडसाही नव्हता. माणिकप्पांना वाटलं बलभीमचा मजला आडवा आला, पण तो तर पश्चिमेला. त्यांनी शिवप्रियाला फोन लावला. ती म्हणाली, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून तो आत येत नाही. हे चांगलंच आहे, घर गार राहतं, थंडीत पुन्हा येईल. हे सगळं त्या डब्यात होतं, तुम्ही फक्त जानेवारी बघितला.

माणिकप्पांनी फोन ठेवला. एवढ्या वयात त्यांना एवढंही ठाऊक नव्हतं, की घरात येणारं ऊन महिन्यागणिक जागा बदलतं. गल्लीतल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. मनातल्या मनात त्यांनी आपल्या जन्मातल्या दुपारी शोधून बघितल्या. कारखान्यातल्या सापडल्या, बाजारातल्या सापडल्या, लग्नातल्या, मयतीतल्या. खिडकी फोडण्याआधीची घरातली एकही सापडली नाही.

उन्हाळ्यात जळकोटहून शांताक्का आली, इरम्माची थोरली बहीण. यापूर्वी ती यायची ती संध्याकाळची, किंवा आलीच तर लिंबाखाली बसायची. या वेळी गुडघ्यांमुळं तिला खाली बसवेना. म्हणून दुपारी इरम्मानं तिला पुढच्या खोलीत खाटेवर बसवलं. लुगडं अर्धं वर खोचलं होतं, वारा यावा म्हणून. माणिकप्पा नेहमीसारखे लिंबाखाली होते.

थोड्या वेळानं आतून बोलणं ऐकू यायला लागलं. अर्धं कानडी, अर्धं मराठी. शांताक्काचा आवाज मोठाच होता, पण हळूहळू इरम्माचाही चढला. कुणाच्या तरी सासूची नक्कल चालली होती. मग दोघी हसायला लागल्या. इरम्मा खळखळून, घसा मोकळा सोडून हसत होती, थांबत होती, पुन्हा हसत होती. माणिकप्पा कान देऊन ऐकत राहिले. त्यांना बरं वाटत होतं, आणि त्याच वेळी कुणीतरी काळजाला चिमटा काढल्यासारखंही वाटत होतं. दोन्हींतलं खरं कोणतं, ते उमगेना. ते उठले. आपणही जाऊन बसावं, असं मनात आलं.

ते दारात आले तशी आतली दोघींची बोलणी एकदम बंद पडली. इरम्मानं तोंडावर पदर धरला. शांताक्कानं खाटेवरून पाय खाली घेतले आणि अंग आवरून म्हणाली, “झोपायचं हाय का तुमाला? आमी पडवीत जातो.”

“न्हाय न्हाय,” माणिकप्पा म्हणाले. “बोला की. म्या नुसता आलो.”

शांताक्कानं ऊन लई झालंय म्हणून सांगितलं, त्यावर ते व्हय म्हणाले. इरम्मा उठून चवड्यांवरच पाणी आणायला गेली. तांब्या रिकामा करून, चपला घालून ते परत लिंबाखाली आले.

आत शांतता होती. बऱ्याच वेळानं शांताक्का काहीतरी हळू बोलली, इरम्मानं हळूच उत्तर दिलं. मग शांताक्का जरा मोठ्यानं बोलली. माणिकप्पा हलले नाहीत. खोकला आला होता, तोही त्यांनी दाबला. आतला आवाज पुन्हा वाढत गेला, आणि सावली सरकून ऊन त्यांच्या पायांवर आलं तरी ते तिथंच बसून राहिले.